दीह्वांग: वाळवलेले की वाफवलेले?

चीनच्या हनान प्रांतात पिकणाऱ्या दीह्वांगचे मूळ पारंपरिक चिनी वैद्यकात दोन रूपांत वापरले जाते, आणि वनस्पती एकच असली तरी वैद्य त्यांना दोन स्वतंत्र औषधे मानतात. त्यामुळे एकाच्या जागी दुसरे घेणे मला अयोग्य वाटते. नुसते वाळवलेले मूळ, म्हणजे शंगदी, शीत गुणाचे समजले जाते आणि ताप, घशाची कोरड व रक्तातील उष्णता यांवर दिले जाते. तेच मूळ धान्याच्या पिवळ्या मद्यात मुरवून वाफवले आणि पुन्हा वाळवले, की आतून काळेभोर, तकतकीत, चिकट आणि अधिक गोड होते. या शूदीला किंचित उष्ण मानून रक्त व मूत्रपिंडाचे पोषण करण्यासाठी योजतात. या प्रक्रियेत मुळातील कॅटॅल्पॉल हे रासायनिक संयुग बरेच घटते, म्हणजे फरक केवळ कल्पनेतला नाही. चीनच्या सोंग राजवटीच्या काळातील बालवैद्य छ्येन यी यांच्या सहा द्रव्यांच्या प्रसिद्ध गोळीत शूदीच मुख्य आहे. मात्र शूदी पचायला जड असल्याने तिच्यासोबत पुष्कळदा वेलदोड्याच्या कुळातील शारन देतात. जुलाब होत असतील, तर शंगदीही टाळावी.