गळती शोधायचं किट: टॉर्च बरा, बाटल्या अपुऱ्या, चष्मा जेमतेम

डब्यावर कारचं चित्र आहे, ते खरेदी करतानाच लक्षात घ्या. आत जांभळ्या उजेडाचा टॉर्च, पिवळ्या काचांचा चष्मा, ऑईलमध्ये मिसळायच्या रंगाच्या काही छोट्या बाटल्या आणि कूलंटसाठी एक वेगळी बाटली. रंग ऑईलबरोबर फिरतो, जिथून ऑईल बाहेर येतं तिथून तोही येतो आणि टॉर्च मारला की पिवळट हिरवा चमकतो. एवढंच त्याचं तंत्र. मी हे ट्रकसाठी घेतलं, त्यामुळे माझं मत ट्रकवाल्याचं समजा.

माझ्या गाडीला इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडतात तिथे, बेल हाऊसिंगच्या तळाच्या भोकातून थेंब गळत होता. एका मेस्त्रीने धड वाकूनही न बघता निकाल दिला: मागचं क्रँक सील (इंजिनचा फिरता दांडा मागून बाहेर येतो तिथे ऑईल अडवणारी रिंग) गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. आता ते सील म्हणजे किरकोळ वस्तू. पण तिथवर पोचायला गिअरबॉक्स खाली, क्लच बाहेर, फ्लायव्हील बाहेर. मजुरी सगळी पोचण्याची. एवढा पसारा काढायचा तर आधी खात्री हवी, म्हणून हे किट.

पण किटची खरी उणीव इथेच सुरू होते. रंग कुठल्या ऑईलमध्ये टाकायचा हे ते सांगत नाही. त्याच भोकातून इंजिन ऑईल येऊ शकतं आणि गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून गिअर ऑईलही येऊ शकतं. ते नाकाने आणि बोटाने ठरवावं लागतं. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवायचा आणि सकाळी त्यावरचा डाग बघायचा. डिझेल इंजिनचं ऑईल काजळीने काळं होतं. गिअर ऑईल जाड, चिकट आणि गंधकासारखा उग्र वास मारणारं. डिझेलचा वास कुणाला शिकवायला नको, शिवाय ते पातळ असल्यामुळे पुठ्ठ्यावर लांबवर पसरतं. पॉवर स्टिअरिंगचं बहुधा लालसर असतं. कूलंट बुळबुळीत, गोडसर वासाचं. त्याची चव मात्र घेऊ नका, ते विष आहे. आणि एसीखाली नुसतं स्वच्छ पाणी पडत असेल तर सोडून द्या, ती गळती नव्हेच.

माझा डाग काळा होता, गंधकाचा वास नव्हता. म्हणजे इंजिन ऑईल.

मग धुणं. इंजिनचा मागचा भाग आणि बेल हाऊसिंग डिग्रीझर मारून स्वच्छ करून सुकवलं. माहितीपत्रकात हे एका ओळीत उरकलंय, खरं तर अर्धं काम तेच आहे. जुन्या चिकट थरावर नवी चमक कुठून सुरू झाली ते कसं कळणार?

बाटल्यांबद्दल तक्रार आहे. प्रमाण साधारण ४-५ लिटर ऑईलला ३० मिली असं दिलंय. कारला ठीक. ट्रकच्या इंजिनात त्याच्या कितीतरी पट ऑईल असतं, त्यात काजळी मिसळली की चमक दबते आणि रंग आणखी घालावा लागतो. किटमधल्या ऑईलच्या सगळ्या बाटल्या माझ्या एकाच तपासणीत संपल्या. ट्रकवाल्याने रंगाची मोठी बाटली वेगळी घ्यावी.

रंग घातल्यावर नुसतं उभ्या उभ्या इंजिन चालवून माझ्या गाडीत काही दिसलं नाही. भरलेली गाडी एक फेरी मारून आली तेव्हा दिसलं. रात्री, चाकं हलू नयेत म्हणून त्यांना ओट लावून, इंजिन बंद करून खाली गेलो. भोकापाशी चमक होतीच, ती असणारच. थेंब पडतो ती जागा म्हणजे ऑईलचा शेवटचा थांबा. धावत्या गाडीत वारा ऑईल मागे ढकलतो आणि वजन खाली ओढतं. म्हणून सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओल शोधायची. केबिन उचलून वरून टॉर्च मारला तर टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यापासून इंजिनच्या पाठीवरून एक बारीक हिरवट पिवळी रेघ सरळ खाली बेल हाऊसिंगपर्यंत उतरलेली. त्या झाकणाखालचं गॅस्केट बदललं, पुन्हा धुतलं, पुन्हा गाडी फिरवून आणली. भोक कोरडं. गिअरबॉक्स जागच्या जागी आहे.

टॉर्चला म्हणूनच चांगले गुण देतो. मात्र दिवसा उन्हात तो निरुपयोगी, आणि डोळ्यांत मारू नका. शिवाय चमकतं ते सगळं आपला रंग नसतो. पुसायच्या फडक्याचे धागे निळसर पांढरे चमकतात, कपड्यांच्या साबणातल्या उजळवणाऱ्या रसायनामुळे. पहिल्यांदा बघताना सगळं इंजिनच गळतंय असं वाटतं! चष्म्याने जांभळी झाक कमी होते आणि पिवळी चमक उठून दिसते, पण काड्या इतक्या ढिल्या की खाली वाकलं की नाकावरून निसटतो. मी मागून दोरी बांधली.

दोन ठिकाणी किट काढूच नका. एक म्हणजे युरियाची, धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात त्या द्रवाची, गळती. ते पाण्यासारखं रंगहीन असतं, त्यात ३२.५ टक्के युरिया असतो आणि वाळलं की सांध्यावर पांढरे खडे उरतात. उजेडात डोळ्यांना दिसतं, रंग कशाला? दुसरं, इंजिनच्या डिझेलच्या जास्त दाबाच्या लाईनी. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, दाब १६०० बार किंवा त्याहून जास्त असू शकतो. चालू इंजिनात तिथे बोट फिरवून ओल चाचपलीत तर बारीक फवारा कातडीतून आत शिरतो, आणि जखम दिसायला टाचणीएवढी असली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो.

कूलंटची बाटली अजून सीलबंद आहे. माझ्या गाडीतल्या हिरव्या कूलंटमध्ये मुळातच चमकणारा रंग आहे, तसा तो बऱ्याच कूलंटमध्ये असतो. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी ओल दिसली तेव्हा नुसता टॉर्च मारला आणि काम झालं. तेव्हा ही बाटली फोडण्याआधी तुमच्या कूलंटवर एकदा टॉर्च मारून बघा.