आधी टस्कनी की पिएमोंते?

इटालियन वाइन नीट शिकायची ठरवली की पहिला प्रश्न हाच: सुरुवात कुठून करायची? वेनेतो, सिसिली नंतर बघू. टस्कनी आणि पिएमोंते या इटलीतल्या दोन्ही वाइन-प्रांतांत मी राहून चाखलंय, म्हणून मत देतोय. बाकी जीभ ज्याची त्याची.

टस्कनी फिरायला सोपी. फ्लोरेन्सहून ग्रेव्हे या वाइनच्या गावाला बस जाते आणि आयत्या वेळी दारात उभं राहिलं तरी बऱ्याच ठिकाणी चाखायला मिळतं. शिवाय अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीची सांजोवेझे तुम्ही प्यायला असाल, तर ते द्राक्ष मूळचं कुठलं हे बघायची गंमत आहेच.

माझं घोडं अडलं ते कियांती क्लासिकोत, म्हणजे टस्कनीच्या प्रसिद्ध लाल वाइनमध्ये. नियमाने तिच्यात किमान 80 टक्के सांजोवेझे हवी. उरलेल्या 20 टक्क्यांत कानायोलो, मेर्लो, काबेर्ने अशी बरीच दुसरी द्राक्षं चालतात. पिणाऱ्याला त्याचं काय? पंचाईत होते ती शिकणाऱ्याची. एका ठिकाणी वाइन छान मऊ लागली. सांजोवेझे म्हणजे ही, असं मनात पक्कं करतोय तोवर मालक सहज म्हणाला, 'थोडी मेर्लो आहे त्यात.' शेजारच्या टेकडीवरची निव्वळ सांजोवेझेची, ती आंबटसर आणि कडक. दोन्ही बाटल्यांवर नाव तेच, कियांती क्लासिकोची खूण असलेला काळा कोंबडाही तोच. जिभेने एक गोष्ट पाठ करावी आणि पुढच्या बाटलीने ती पुसावी, असं सारखं होत राहिलं. मला तरी ते फार खुपलं.

पिएमोंतेत, लांगेच्या टेकड्यांवर, ही कटकट जवळजवळ नाहीच. दोल्चेत्तो, बार्बेरा आणि नेब्बिओलो ही तिथली लाल वाइनची द्राक्षं बहुधा एकेकटीच बाटलीत येतात, आणि अनेकदा तिन्ही एकाच उत्पादकाकडे मिळतात. त्याच क्रमाने घ्या. दोल्चेत्तोत आंबटपणा कमी, तुरटपणा बेताचा. बार्बेरात आंबटपणा सणसणीत, तुरटपणा नावाला. नेब्बिओलोत दोन्ही भरपूर. आंबटाने तोंडाला पाणी सुटतं, तुरटाने जांभळं खाल्ल्यासारख्या हिरड्या कोरड्या पडतात. हे दोन वेगळे ओळखू येणं, चाखण्यातलं अर्धं शिक्षण तिथेच होतं. नेब्बिओलोचा रंग तर असा फिका, की ग्लास छापील कागदावर तिरपा धरला तर कडेतून अक्षरं वाचता येतात. वास गुलाबाचा आणि डांबराचा. रंगावर जाऊन मोठा घोट घ्याल, तर दाढा आवळून येतील.

पुढची पायरी बारोलो, लांगेतली नामांकित वाइन. तीही निव्वळ नेब्बिओलोची, त्यामुळे ला मोर्रा आणि सेर्रालुंगा या दोन गावांची शेजारी ठेवली की मातीचा फरक बोलू लागतो: पहिली बहुधा मवाळ नि सुवासिक, दुसरी करारी. अर्थात करणाऱ्याचा हातही त्यात असतोच.

खर्च मात्र आहे. बारोलो किमान 38 महिने मुरल्याशिवाय विकता येत नाही, त्यातले 18 लाकडात. किंमत त्याच हिशेबाने. रोजच्या सरावाला त्याच द्राक्षाची साधी लांगे नेब्बिओलो पुरते. गाडी लागते, आणि छोट्या उत्पादकांकडे आधी वेळ ठरवावी लागते. चाखलेली वाइन थुंकायचं भांडं मागायला लाजू नका, तिथे कुणाला त्याचं काही वाटत नाही.

सोबतच्या माणसाला वाइनमध्ये रस नसेल तर टस्कनीच बरी, सिएना हे जुनं शहर बघून होईल. शिकायलाच निघाला असाल तर लांगेतल्या आल्बा शहरात मुक्काम टाका. फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळा, पांढऱ्या ट्रफलच्या (जमिनीखाली उगवणारी महागडी अळंबी) जत्रेमुळे खोल्यांचे भाव चढलेले असतात.