वेगस मज्जातंतूसाठीचा हेडफोन : आवाज उत्तम, इलेक्ट्रोडची जागा चुकलेली

ताण हलका करण्याच्या दाव्याने, कानाच्या त्वचेतून सौम्य विद्युतस्पंद देऊन वेगस मज्जातंतूला उत्तेजित करणारी आणि दिसायला नेहमीच्या हेडफोनसारखी असणारी उपकरणे आता परदेशातून मागवता येतात. त्यांपैकी कान पूर्ण झाकणारा, मोठ्या गाद्यांचा एक हेडफोन मी बरेच दिवस वापरला. फिजिओथेरपी केंद्रांतील टेन्स यंत्रांची (त्वचेवर पॅड लावून सौम्य विजेने वेदना कमी करणाऱ्या यंत्रांची) देखभाल आणि दुरुस्ती हा माझा व्यवसाय असल्यामुळे ‘बरे वाटते का’ या प्रश्नाइतकेच ‘वीज नेमकी कुठून कुठे जाते’ याकडे माझे लक्ष होते. माझा मुख्य आक्षेप घडणीच्या मूळ कल्पनेवर आहे, म्हणून उत्पादकाचे नाव येथे देत नाही.

वेगस हा मेंदूच्या तळापासून निघून हृदय, फुप्फुसे आणि आतड्यांपर्यंत पोहोचणारा मज्जातंतू आहे. त्याची एक बारीक शाखा कानात येते. कान कोरताना काही जणांना अचानक खोकल्याची उबळ येते, ती याच शाखेमुळे. मात्र ही शाखा सगळ्या कानावर पसरलेली नाही. भिकबाळी टोचतात त्या वरच्या कडेवरून बोट आत घसरवले, की कूर्चेची एक घडी ओलांडून ते कानाच्या छिद्राच्या वर असलेल्या छोट्या खोलगट भागात येते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ७ मृतदेहांच्या १४ कानांच्या विच्छेदनावर आधारलेल्या अभ्यासात, तपासलेल्या प्रत्येक कानात या खोलगट भागाची संवेदना केवळ वेगसकडे असल्याचे आढळले. छिद्रासमोरच्या कूर्चेच्या उंचवट्यावर मात्र वेगसचे तंतू ४५ टक्के कानांतच सापडले. कानाच्या पाळीची आणि कानामागच्या त्वचेची संवेदना प्रामुख्याने मानेतून येणाऱ्या मज्जातंतूंकडे असते, तर कानासमोरच्या, कानशिलाकडच्या त्वचेची जबाबदारी त्रिशाखी मज्जातंतूच्या एका फांदीकडे असते.

या हेडफोनचे इलेक्ट्रोड गादीच्या कडेत शिवलेले आहेत. ती कडा कानाच्या मागे, खाली आणि समोर टेकते. त्या खोलगट भागाला ती स्पर्श करत नाही, आणि कान झाकणाऱ्या कोणत्याही हेडफोनची कडा तो करणार नाही. त्यामुळे कानाभोवती जी मुंग्या आल्यासारखी जाणीव होते, ती मुख्यतः शेजारच्या मज्जातंतूंची असते. कानाभोवतालच्या मज्जातंतूंना चेतवण्याचा उपयोगच नाही, असे मी म्हणत नाही. अफू वर्गातील औषधांचे व्यसन सोडताना होणारा त्रास कमी करण्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये परवानगी दिलेले स्पॅरो हे उपकरण वेगसच्या शाखेबरोबर कानासमोरच्या मज्जातंतूलाही उद्देशूनच घडवलेले आहे. पण त्याचा कर्णभाग चिकट असतो आणि ठरलेल्या जागी बसवावा लागतो. याउलट, जर्मनीत तयार झालेल्या आणि २०१० मध्ये युरोपीय मान्यता मिळवलेल्या नेमोस या उपकरणाचा इलेक्ट्रोड थेट कानाच्या खोलगट भागात बसतो. दोन्हीकडे आधी जागा निश्चित झाली आणि मग आकार ठरला. येथे हेडफोनचा आकार आधी ठरला आणि मज्जातंतूने त्यात बसावे अशी अपेक्षा केली गेली, ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे.

दुसरा प्रश्न त्वचेशी होणाऱ्या संपर्काचा आहे, आणि आमच्या धंद्यात निम्म्या तक्रारी येथेच उगम पावतात. टेन्सच्या पॅडला जेल असते. येथे चांदीचा मुलामा दिलेले कापड कोरडेच त्वचेवर टेकवायचे आहे. असे उपकरण प्रवाह स्थिर ठेवण्यासाठी व्होल्टेज वाढवत जाते. त्वचेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, १० किलोओहम असेल, तर २ मिलिअँपिअरसाठी २० व्होल्ट पुरतात. तोच रोध ३० किलोओहम झाला, की ६० व्होल्ट लागतात. केसांना खोबरेल तेल लावले असेल, चष्म्याची काडी मध्ये येत असेल किंवा मान वळवताना गादी किंचित उचलली गेली, तर उरलेल्या लहानशा जागेतून सगळा प्रवाह वाहतो. संपर्काची जागा चौथ्या हिश्शावर आली, की तेथील प्रवाहाची घनता चौपट होते आणि टाचणी टोचल्यासारखी कळ येते. चांगल्या उपकरणाने रोध वाढल्याचे ओळखून प्रवाह ताबडतोब खाली आणायला हवा. हा हेडफोन तसे करतो, पण कळ येऊन गेल्यानंतर.

दमट हवेत याच्या उलट घडते. घामातील क्षारांमुळे दोन इलेक्ट्रोडमध्ये त्वचेच्या पृष्ठभागावरच वाट तयार होते, वीज आत शिरण्याऐवजी वरच्या वर निघून जाते आणि वापरणारा ‘काहीच जाणवत नाही’ म्हणून तीव्रता वाढवत राहतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यापूर्वी हे वापरणाऱ्याने गादी आणि त्वचा पुसूनच सुरुवात करावी. बुगडी, भिकबाळी, कुडी असे धातूचे काहीही कानात असल्यास आधी काढून ठेवणे आवश्यक आहे. माहितीपुस्तिकेत दागिन्यांचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे, तो पहिल्या पानावर ठळक असायला हवा होता.

नियंत्रणाची रचना मला अजिबात पटली नाही. उजव्या बाजूचे एकच फिरते बटण आवाज आणि विद्युतप्रवाह या दोन्हींसाठी आहे, आणि ते कधी कशासाठी चालेल हे किती वेळ दाबले यावर ठरते. गाणे थोडे मोठे करायला गेलेल्या माणसाच्या कानाजवळचा प्रवाह वाढणे ही अक्षम्य चूक आहे. तीव्रतेसाठी वेगळे बटण आणि प्रवाह तत्काळ तोडणारी, अंधारातही बोटाला सापडणारी कळ एवढे तरी हवेच. शिवाय कानावरचे उत्तेजन परंपरेने डाव्या बाजूला देतात, कारण उजवा वेगस हृदयाचा ठोका सुरू करणाऱ्या गाठीशी अधिक जोडलेला असतो. हा हेडफोन ते बटण सोडले तर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, उलटा सहज घातला जातो आणि ते त्याला ओळखता येत नाही.

जमेच्या बाजूही आहेत. स्पंद दोन्ही दिशांचे, समतोल भाराचे असल्याने त्वचेवर रासायनिक दाह होण्याचा धोका कमी राहतो. विजेच्या लहरींचा आकार दाखवणाऱ्या माझ्या ऑसिलोस्कोपवर स्पंदाचे दोन्ही अर्धभाग समान दिसले. चार्जिंगची वायर लावताच उत्तेजन बंद होते, म्हणजे घरातील विजेचा दोष कानापर्यंत पोहोचण्याची वाट बंद केली आहे. २५ हर्ट्झचे स्पंद चालू असताना संगीतात गुणगुण मिसळत नाही, हे ध्वनी आणि उत्तेजन यांची परिपथे नीट वेगळी ठेवल्याचे लक्षण आहे. निव्वळ हेडफोन म्हणून तो उत्तम आहे. सतारीच्या तरफांचा नादही स्वच्छ ऐकू येतो.

हेडफोनसोबतच्या ॲपमधील ताणमुक्तीच्या आलेखावर मात्र विसंबू नये. डोळे मिटून, शांत बसून आवडते संगीत ऐकले, तरी नाडी मंदावते. संशोधनात तुलनेसाठी वेगसचे तंतू नसलेल्या कानाच्या पाळीवर खोटे उत्तेजन देतात. येथे संगीत, विश्रांती आणि वीज यांचे परिणाम वेगळे करण्याची कोणतीच सोय नाही. छातीत शस्त्रक्रियेने बसवायच्या वेगस उत्तेजकाला अमेरिकेत १९९७ मध्ये अपस्मारासाठी आणि २००५ मध्ये नैराश्यासाठी मान्यता मिळाली, या गोष्टीचा जाहिरातीत मोठा गाजावाजा आहे; पण ते उपकरण मानेतील मूळ मज्जातंतूलाच तारेने जोडलेले असते आणि त्याचे निष्कर्ष कानावरच्या गादीला लागू होत नाहीत.

पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले कोणतेही विद्युत उपकरण असणाऱ्यांनी हा हेडफोन वापरू नये. हृदयाच्या ठोक्यांचा विकार, अपस्मार किंवा गर्भावस्था असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये, आणि कोणाचीही चालू औषधे याच्या भरवशावर थांबवू नयेत. वेगसच्या उत्तेजनासाठी म्हणून मी याची शिफारस करणार नाही. ज्यांनी घेतलाच आहे, त्यांनी गादीचे कापड दर आठवड्याला उजेडात तपासावे. चांदीचा मुलामा घामाने काळवंडतो आणि घडीवर आधी झिजतो, झिजलेल्या गादीतून प्रवाह ठिपक्याठिपक्यांनी जातो, आणि या गाद्या सुट्या मिळत नसल्याने त्या वेळी उत्तेजन कायमचे बंद ठेवून केवळ संगीतासाठीच तो वापरावा लागतो.