कागदाचा टी-३४ रणगाडा, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मागच्या जूनमध्ये टी-३४-८५ चं कागदी किट घेतलं, पोलंडचं, पीडीएफ, स्केल १:२५. तिकडे हा छंद मुरलेला आहे, १९५७ पासून त्यासाठी मासिक निघायला लागलं, आणि रणगाडे तिकडे बहुतेक १:२५ मध्येच करतात.

सगळ्यात आधी प्रिंटचं सांगतो कारण माझा पहिला महिना त्यातच वाया गेला. सांगाड्याची पानं घरी काढली आणि वरच्या रंगीत भागांची दुकानात, दुकानदाराने न विचारता 'फिट टू पेज' ठेवलं, त्यामुळे भाग चार टक्के लहान आले. ऐकायला काहीच नाही, पण साडेचोवीस सेंटीमीटरच्या सांगाड्यावर कातडं जवळजवळ एक सेंटीमीटर कमी पडलं! सगळं परत. तेव्हा प्रिंट घेतली की तिथेच पट्टी लावून मोजा.

इंकजेटची शाई ओल्या फेविकॉलने पसरते, लेझरची घडीवर तडकते. मी लेझर घेतली, घडीच्या रेषेवर बोथट टोचणीने आधी रेघ ओढतो, मग हलकेच दुमडतो, आणि तडकलं तिथे वॉटरकलर. कापलेल्या पांढऱ्या कडा मात्र चिकटवायच्या आधीच रंगवा, नंतर ब्रश पोचत नाही आणि तेवढ्या एका पांढऱ्या रेघेने सगळा रणगाडा कागदाचा दिसतो. पावसाळ्यात फेविकॉल लवकर वाळत नाही, टूथपिकच्या टोकाला येईल तेवढाच घ्यायचा, जास्त झाला की कागद फुगतो.

आता पट्टे, म्हणजे चाकांभोवती फिरणारी कड्यांची साखळी. खऱ्या गाडीत एका बाजूला ७२ कड्या असतात, एकाआड एक कडीला मधोमध दात, कारण मागचं चाक त्या दातालाच ढकलून पट्टा ओढतं. म्हणजे १४४ कड्या, प्रत्येक २ सेंटीमीटर रुंद. रोज रात्री बारा करायचो, बारा दिवस लागले. किटमध्ये सोपा छापील पट्टाही दिलाय पण तो लावू नका, कड्यांचा पट्टा वरच्या बाजूला चाकांवर जो लोंबतो ना, त्यानेच गाडीला वजन येतं.

आठ महिन्यांत बुरूज (तोफेचा वरचा फिरता भाग) थोडा फिका झालाय (खिडकीजवळ ठेवला, माझी चूक), सांगाडा एक मिलीमीटर पुठ्ठ्याचा, अजिबात वाकला नाही. पाचपैकी साडेचार.

पुढे सेंच्युरियन करायचाय, तो नगरच्या रणगाडा संग्रहालयात खराखुरा उभा आहे, आधी जाऊन त्याच्या पट्ट्यांचे फोटो काढून आणणार.