काचेत उतरलेली सारसजोडी: साकोलीजवळच्या एका कोरीवकाम शेडचा अनुभव

आमच्या घरात ओसरी आणि माजघर यांच्यामध्ये पूर्वी सागवानी जाळी होती. वाळवीने ती पोखरली, तेव्हा तिच्या जागी काय बसवावे यावर घरात बरेच दिवस खल चालला आणि शेवटी अडीच फूट रुंद व चार फूट उंच अशी कोरीव काच बसवायचे ठरले. चित्र कोणते असावे, यावर मात्र एकदाही वाद झाला नाही. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात आमची धानाची शेती आहे. माझ्या लहानपणी तलावाखालच्या आमच्या बांधीत सारसाची जोडी घरटे करीत असे, आणि अंड्यांतून पिल्ले बाहेर पडेपर्यंत वडील त्या तुकड्यात निंदणाऱ्या बायांना पाऊल टाकू देत नसत. महाराष्ट्रात आता सारस उरले आहेत ते जवळजवळ सगळे गोंदिया जिल्ह्यात आणि त्याच्या शेजारी. त्यामुळे काचेवर सारसजोडीच हवी होती, आणि ती ओळखू यावी अशी हवी होती. कोणताही लांब मानेचा पक्षी चालणार नव्हता.

साकोलीजवळ महामार्गालगत पत्र्याच्या एका शेडमध्ये हे काम होते. बाहेर पाटी आहे ती खिडक्यांच्या काचांची आणि आरशांची. सँडब्लास्टिंगने कोरीवकाम होते हे आत गेल्यावरच कळते. यापूर्वी एका मोठ्या शहरातील दुकानातून मी वाचनालयासाठी ‘कोरलेली काच’ म्हणून मागवलेली वस्तू प्रत्यक्षात दुधी फिल्म चिकटवलेली साधी काच निघाली होती आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तिच्या कडा सुटून गुंडाळ्या झाल्या होत्या. त्यामुळे येथे मी पहिल्यांदा नखच फिरवून पाहिले. भिंतीला टेकवून ठेवलेल्या नमुन्याच्या काचेत कमळाची पाकळी होती. तिच्या कडेवरून नख आत घसरले आणि तळाशी जाऊन थांबले. कोरलेली काच ओळखण्याची याहून सोपी कसोटी मला माहीत नाही.

सँडब्लास्टिंगची ही पद्धत मूळची अमेरिकेतील. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्घमन यांनी 1870 मध्ये तिचे पेटंट घेतले आणि तिचे तत्त्व तेव्हापासून बदललेले नाही. दाबाखालच्या हवेबरोबर कठीण कण वेगाने काचेवर मारायचे आणि प्रत्येक कणाने काचेचा एक सूक्ष्म टवका उडवायचा. नाव सँडब्लास्टिंग असले तरी येथे वाळू वापरत नाहीत, ही या शेडविषयी सर्वांत आधी सांगण्याजोगी चांगली गोष्ट होय. वाळूतील सिलिकाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की सिलिकोसिस होतो, आणि एकदा झालेला सिलिकोसिस बरा होत नाही. येथे तपकिरी अॅल्युमिनियम ऑक्साइड वापरतात. काठिण्याच्या एक ते दहा अशा मोजपट्टीवर काच साडेपाचच्या आसपास आणि हे कण नऊवर असल्यामुळे ते काच सहज खातात आणि स्वतः लवकर झिजत नाहीत. गाळून पुन्हा वापरता येतात.

शेडचे मालक स्वतः कारागीर आहेत. मी आणलेली छायाचित्रे त्यांनी बराच वेळ पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला तो मला फार आवडला: “गुरुजी, जवळ कोणता पक्षी उभा आहे आणि मागं कोणता, ते आधी सांगा जी.” पुढे काम पाहताना या प्रश्नाचे महत्त्व ध्यानात आले. चित्र काचेच्या मागच्या बाजूने कोरले जाते आणि आपण ते पुढच्या गुळगुळीत बाजूने पाहतो. मागून खोदलेला खड्डा पुढून उठावासारखा दिसतो आणि जितका खड्डा खोल, तितका तो भाग आपल्याकडे आल्याचा भास होतो. म्हणून जे पाहणाऱ्याच्या सर्वांत जवळ आहे ते सर्वांत आधी आणि सर्वांत खोल कोरावे लागते. संपूर्ण काचेवर जाड विनाइलची शीट चिकटवून तिच्यावर चित्राच्या सगळ्या रेषा कटरने आधीच कापून ठेवतात. मग एकेक तुकडा सोलायचा, तेवढाच भाग ब्लास्ट करायचा, आणि त्याला लागून असलेला पुढचा तुकडा सोलायचा. दोन भागांच्या खोलीतील फरकामुळे त्यांच्यामध्ये जी पायरी राहते, तीच आपल्याला रेघ म्हणून दिसते. क्रम एकदा चुकला, म्हणजे मागचे पीस आधी आणि पुढचे नंतर सोलले, तर ती पायरी खाल्ली जाते आणि पंखाचा नुसता पांढरा डाग होतो. काचेत खोडरबर चालत नाही.

आमच्या चित्रातील पुढच्या सारसाच्या एका पंखातच वीसहून अधिक तुकडे होते. त्यांनी प्रत्येकावर पेनाने क्रमांक घातलेले होते. बारा मिलिमीटर जाडीच्या काचेत सर्वांत खोल भाग पाच मिलिमीटरपर्यंत गेला आहे, तो पुढच्या पक्ष्याच्या छातीचा. मागचा पक्षी दोन मिलिमीटरच्या आत आहे, आणि धानाची पाती व तलावाचे पाणी यांना खोली अजिबात नाही. नोझल, म्हणजे कण फेकणारी तोटी, दूर धरून, दाब कमी करून, केवळ पांढऱ्या झाकेच्या कमीजास्तपणावर ती उभी केली आहेत. लांबून पाहिले तर पाण्यावर सकाळचे धुके उतरल्यासारखे वाटते.

सारसाचे डोके आणि मानेचा वरचा भाग तांबडा असतो, आणि काचेत तांबडे कसे आणणार, ही माझी खरी चिंता होती. रंग भरण्याची तयारी त्यांनी दाखवली, पण स्वतःच ‘नको’ म्हणाले. उन्हाकडच्या बाजूला रंग टिकत नाही, असा त्यांचा अनुभव होता. त्याऐवजी त्यांनी केले ते असे. पिसांसाठी बारीक कण वापरले, त्यामुळे पिसे रेशमासारखी मऊ पांढरी दिसतात. तांबड्या भागासाठी मात्र जाड कण घेतले, म्हणजे तेथील पृष्ठभाग खरबरीत राहिला. सारसाच्या मानेवरची ती उघडी कातडी प्रत्यक्षातही बारीक पुटकुळ्यांनी भरलेली, खडबडीतच असते. डोक्याचा माथा मात्र कातडीने गुळगुळीत आणि राखट असतो. तो त्यांनी न कोरता नितळ ठेवला. रंग नसतानाही जेथे तांबडे संपते तेथे नजर थांबते. आमच्या आईने, जिने या पक्ष्यांना आयुष्यभर धुऱ्यावरून पाहिले, काच बसवल्यावर मानेवर बोट टेकवून “इथं लाल राहते” असे कोणी न विचारता सांगितले. माझ्या दृष्टीने या कामाला याहून मोठी पावती नाही.

आता व्यवहाराच्या गोष्टी. घरात नातवंडे धावतात म्हणून मी टफन काचेचा आग्रह धरला होता. कारागिरांनी तो सरळ नाकारला आणि कारणही नीट समजावले. टफन करताना काच सहाशे अंशांच्या वर तापवून एकाएकी थंड करतात, त्यामुळे तिचा बाहेरचा थर दाबाखाली आणि आतला भाग ताणाखाली राहतो. तो बाहेरचा थर खोदला गेला की संपूर्ण काच क्षणात चुरा होते. आधी कोरून नंतर टफन करावी, तर इतक्या खोल आणि असमान कोरीवकामात ती भट्टीतच फुटण्याची भीती. “भाऊ, एकदा गेली का गेली जी, मंग तुमचा पैसा बी गेला आन् माझी मेहनत बी,” हे त्यांनी माझ्या मुलाला सांगितलेले शब्द. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय मला पटला. कोरलेल्या बाजूला पाच मिलिमीटरची साधी टफन काच लावून चारी कडा सिलिकॉनने बंद करायच्या. त्यामुळे मुलांना आडोसा झाला आणि कोरलेल्या खरबरीत भागावर तेलकट हात लागून डाग पडण्याचा प्रश्नही मिटला. तसे डाग सहजी निघत नाहीत, हे देवघराच्या दाराला अशी काच लावू पाहणाऱ्यांनी अवश्य ध्यानात घ्यावे. दोन्ही काचा मिळून वजन चाळीस किलोच्या घरात जाते, तेव्हा चौकट करणाऱ्या सुताराला हा आकडा आधीच सांगितलेला बरा.

कोरीवकामासह मुख्य काचेचे 26,500 रुपये झाले, मागच्या टफन काचेचे 2,200 वेगळे, आणि वाहतूक आमची. स्वस्त म्हणता येणार नाही. परंतु तीन आठवडे दोन माणसे त्या काचेवर वाकलेली मी पाहिली असल्यामुळे मला ही रक्कम जड वाटली नाही.

उणिवाही सांगितल्याच पाहिजेत. काम आम्ही भर पावसाळ्यात दिले ही आमची चूक, पण ते त्या वेळी घेतले ही त्यांची. ओलसर हवेत कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी साचते, कणांचे गोळे होतात आणि नोझल थुंकल्यासारखे करते. डाव्या खालच्या कोपऱ्यात, पाण्याच्या भागात, तांदळाएवढे तीन ठिपके त्यामुळे उमटले आहेत. ते त्यांनी लपवले नाहीत, काच उचलण्यापूर्वी स्वतः दाखवले आणि हजार रुपये कमी केले. तरी नळीवर पाणी गाळणारा चांगला फिल्टर असता तर ते झालेच नसते. वीज गेल्यामुळे काम अर्ध्यावर थांबण्याचे प्रकार दोनदा झाले आणि मागच्या पक्ष्याच्या पंखाच्या झाकेत, बारकाईने पाहिल्यास, एक जोड दिसतो. आठ दिवसांचा वायदा तीन आठवड्यांवर गेला, आणि दरम्यान फोन आम्हालाच करावे लागले.

सर्वांत अधिक खटकले ते वेगळेच. कोरणारे स्वतः बाहेरची हवा पुरवणारे शिरस्त्राण घालतात. परंतु काम संपल्यावर ब्लास्टिंगची बंदिस्त केबिन झाडणारा पोरगा तोंडाला नुसता दुपट्टा बांधून उभा होता. सिलिका नसली तरी काचेची आणि कणांची ती धूळच आहे. मी हे बोलून दाखवले, त्यांनी मान्य केले, आणि काच नेण्याच्या दिवशी त्या मुलाच्या तोंडावर फिल्टरचा मास्क होता. तो रोज असतो का, हे तेथे जाणाऱ्या प्रत्येकाने पाहावे आणि नसेल तर विचारावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

काच बसवताना एक गोष्ट आम्ही आमच्या मनाने केली, ती येथे नोंदवतो. खालच्या कडेला चौकटीच्या खाचेत पिवळसर प्रकाशाची एलईडी पट्टी बसवली. कडेतून शिरलेला प्रकाश काचेच्या आतल्या आत परावर्तित होत वर चढतो आणि जेथे कोरलेला खरबरीत भाग आहे तेथूनच बाहेर पडतो; त्यामुळे रात्री काच दिसेनाशी होते आणि ओसरीत नुसते दोन सारस उभे राहतात. दिवसा मात्र पट्टी बंदच ठेवावी. आमची ओसरी पश्चिमेला आहे; चारनंतर ऊन तिरपे येते तेव्हा पंखातील प्रत्येक पायरीची सावली वेगळी पडते, आणि समोरून पडणाऱ्या दुपारच्या प्रकाशात सपाट वाटणारी छाती त्या अर्ध्या तासात भरून येते. काच कोणत्या भिंतीत बसणार आणि प्रकाश कोणत्या बाजूने येणार, हे कारागिरांना आधी सांगितले तर ते खोली त्या हिशेबाने ठरवतात. आम्हाला ते विचारलेही गेले नव्हते आणि सुचलेही नव्हते. आमचे नशीब की दिशा जुळली.

वाचनालयाच्या त्या गुंडाळलेल्या फिल्मच्या जागी आता याच शेडमध्ये दुसरी काच सांगितली आहे. ती लहान आहे, दोन फूट बाय दीड, चित्र बोडीतील, म्हणजे लहान तलावातील, कमळांचे, आणि कोरीवकाम तीन मिलिमीटरपेक्षा खोल नाही. काम दिवाळी झाल्यावर, कोरड्या हवेत सुरू करायचे, नळीवर फिल्टर बसवल्याशिवाय नोझल हातात घ्यायचे नाही, आणि सोलण्याचा क्रम मला आधी कागदावर दाखवायचा, या तीन अटी पावतीवर लिहून घेतल्या आहेत. तिसऱ्या अटीचे त्यांना सर्वांत अधिक समाधान वाटलेले दिसले. तो कागद त्यांनी त्याच संध्याकाळी काढायला घेतला.