डेबियन घ्यावं की उबुंटू?

विंडोजऐवजी लिनक्सकडे वळायचं ठरलं की बहुतेकांची गाडी इथेच अडते, कारण ही लिनक्सचीच दोन रूपं. दोन्ही फुकट, दोन्ही मुक्तस्रोत, दोन्हीकडे डेब पॅकेजं (सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे) आणि ती बसवणारी तीच एपीटी ही आज्ञा. मग फरक कशात? निर्णय कोण घेतं यात. बाकीचे बरेचसे फरक तिथूनच फुटतात.

डेबियन थोरलं. ऑगस्ट १९९३ मध्ये इयान मर्डॉक या विद्यार्थ्यानं ते जाहीर केलं. मैत्रिणीचं डेब्रा आणि स्वतःचं इयान जोडून नाव तयार झालं. त्याच्यामागे मालक कंपनी नाही. जगभरचे स्वयंसेवक पॅकेजं सांभाळतात, प्रकल्पप्रमुख दरवर्षी मतदानानं निवडतात आणि वाद फारच चिघळला तर तोही मतदानालाच जातो. हे ऐकायला छान वाटतं, पण त्याची किंमत वापरणाऱ्यानं मोजली आहे. वायफाय कार्डाला लागणारं बंदिस्त फर्मवेअर (हार्डवेअर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये कित्येक वर्षं नव्हतं, कारण ते मुक्त नव्हतं. म्हणजे नेट चालायला फर्मवेअर हवं आणि फर्मवेअर उतरवायला नेट! २०२२ मध्ये यावर मतदान झालं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ही कटकट मिटली.

उबुंटू आलं ऑक्टोबर २००४ मध्ये, डेबियनच्याच पायावर. मार्क शटलवर्थ यांची कॅनॉनिकल कंपनी त्यामागे आहे. पहिल्या आवृत्तीचा क्रमांक ४.१०, म्हणजे वर्ष आणि महिना. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि दर दोन वर्षांनी एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती, जिला पाच वर्षं अपडेट मिळतात. सुरुवातीला तर कंपनी मागेल त्याला सीडी फुकटात घरपोच पाठवत असे. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, पण नेमकी कधी? तयार होईल तेव्हा.

कंपनी असली की कामं झटपट होतात आणि कधीकधी तुम्हाला न विचारताही होतात. उबुंटू २२.०४ वर एपीटीनं फायरफॉक्स मागा, हातात डेबऐवजी स्नॅप, म्हणजे कॅनॉनिकलच्या वेगळ्या पद्धतीचं पॅकेज, पडतं. त्या स्नॅपचं दुकान चालवते कॅनॉनिकलच. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत फायरफॉक्सचं साधं डेब मिळतं, फक्त ईएसआर या दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीचं. मला स्वतःला हा स्नॅपचा आग्रह खटकतो.

तरीही नव्या लॅपटॉपवर पहिल्यांदाच लिनक्स टाकणाऱ्याला मी उबुंटू एलटीएसच सुचवेन. ड्रायव्हरच्या भानगडी तिथे कमी. एकदा लावून वर्षानुवर्षं हात लावायचा नाही असा सर्व्हर असेल तर डेबियन.

आणि डेबियन घेतलंच तर इन्स्टॉल करताना रूट (सर्वाधिकारी खातं) पासवर्डची चौकट रिकामी सोडा. ती भरली की तुमच्या खात्याला सुडो, म्हणजे सर्वाधिकारानं आज्ञा चालवण्याची मुभा, मिळत नाही, आणि पहिलीच आज्ञा नाकारली गेली की आपलंच काहीतरी चुकलं असं वाटत बसतं.