ग्रहांच्या फोटोंसाठी २.९ मायक्रॉन पिक्सेलचा रंगीत कॅमेरा: आठ महिने वापरल्यानंतर

दुर्बीण ८ इंची न्यूटोनियन, नाभीय अंतर १२०० मिमी, म्हणजे एफ/६ (नाभीय अंतर भागिले आरशाचा व्यास). मोटरवर चालणारं माउंट, दुप्पट बार्लो (नाभीय अंतर वाढवणारं भिंग) आणि आयएमएक्स४६२ सेन्सरचा यूएसबी ३ कॅमेरा. गुरू, शनी आणि मंगळ यांवर सलग वापर झाला आहे.

कॅमेरा घेण्यासारखा आहे, पण सगळी मजा त्याच्या वेगात आहे. स्क्रीनवर चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) कमी ठेवून एक्स्पोजर २० मिलिसेकंदांवर नेलं, तर तेवढ्या वेळात हवा हलते आणि प्रत्येक फ्रेम फराटली जाते. स्टॅकिंगमध्ये (अनेक फ्रेम एकावर एक रचून सरासरी काढताना) नॉइज, म्हणजे रवाळपणा, जातो, फराटा जात नाही. म्हणून गुरूसाठी ६ मिलिसेकंद, गेन ६०० पैकी ३०० ते ३५० आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ६० टक्क्यांच्या आसपास. स्क्रीनवर गुरू अगदी रवाळ दिसतो, तो तसाच दिसू द्यावा. सेकंदाला १५० फ्रेम धरल्या तर दोन मिनिटांत १८,००० मिळतात. त्यातल्या उत्तम १५ टक्के, म्हणजे २,७०० घेतल्या की नॉइज वर्गमुळाच्या हिशेबाने सुमारे ५२ पट खाली येतो.

हा वेग टिकवायचा तर फ्रेम ६४० × ४८० पर्यंत कापावी आणि रॉ८ मध्ये (प्रत्येक पिक्सेलला ८ बिट, रंग न काढता) एसईआर व्हिडिओ फाइल करावी. तरीही सेकंदाला ४६ एमबी आणि दोन मिनिटांना साडेपाच जीबी होतात. आरजीबी२४ (रंग आधीच काढलेलं रूप) निवडलं तर हाच आकडा तिप्पट होतो आणि फायदा शून्य, कारण रंग नंतर ऑटोस्टॅकर्ट हा स्टॅकिंगचा प्रोग्रामही काढून देतो. शार्पकॅप या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये गळालेल्या फ्रेमचा आकडा वाढताना दिसला, तर आधी यूएसबी हब काढून केबल थेट लॅपटॉपला लावावी आणि रेकॉर्डिंग एसएसडीवर घ्यावं. दहापैकी नऊ वेळा दोष तिथेच सापडतो.

दोनच मिनिटं का? गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो. त्याची थाळी ४५ आर्कसेकंदांची (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) असेल तर मधला तपशील मिनिटाला साधारण ०.२४ आर्कसेकंद सरकतो. ८ इंची आरशाची तपशील वेगळा दाखवण्याची मर्यादा ०.५७ आर्कसेकंद आहे, म्हणजे दोन मिनिटांत ती जवळजवळ गाठली जाते. त्याहून जास्त डेटा हवा असेल तर लागोपाठ छोटे व्हिडिओ घ्यावेत आणि विनज्युपॉस या प्रोग्राममध्ये फिरणं काढून टाकावं. शनीवर ठळक खुणा कमी, त्यामुळे तिथे चार-पाच मिनिटं सहज चालतात.

बार्लोचा हिशेब सोपा आहे. पिक्सेलच्या मायक्रॉनची पाचपट म्हणजे हवा असलेला एफ-आकडा, इथे १४.५. दुप्पट बार्लो एफ/१२ पर्यंतच नेतो. बार्लो आणि कॅमेऱ्यामध्ये स्पेसर घातला की अंतर वाढून सुमारे अडीच पट मिळते आणि एफ/१५ होतो. मग ४५ आर्कसेकंदांचा गुरू सेन्सरवर २२० पिक्सेलच्या आसपास पडतो. हे मोजून खात्री करावी, बार्लोवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये.

कॅमेऱ्याला दोष देण्याआधी आरसा पाहावा. तेजस्वी तारा फोकसबाहेर काढला की वर्तुळात धुरासारख्या वळवळत्या रेषा दिसतात, त्या नळीच्या आतल्या गरम हवेच्या. तासभर आधी दुर्बीण बाहेर ठेवून आरशामागे छोटा पंखा लावला तर त्या विरतात. कोलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवणं, मात्र बार्लो लावल्यानंतर, ताऱ्यावरच करावं. लेझरवर अचूक वाटलेलं इथे हमखास थोडं चुकलेलं निघतं.

हा सेन्सर इन्फ्रारेडला फार संवेदनशील आहे, म्हणून रंगीत फोटोसाठी यूव्ही-आयआर कट फिल्टर हवाच. तो विसरला तर रंग फिके पडतात आणि फोकस कधीच कडक लागत नाही. उलट हवा खराब असेल तर ६८५ नॅनोमीटरचा आयआर पास फिल्टर लावून मंगळ घ्यावा; लांब तरंगलांबीवर हवेचा त्रास कमी जाणवतो. ग्रह ४५ अंशांखाली असताना एका कडेला निळी आणि दुसऱ्या कडेला लाल झालर दिसते. एडीसीने (हवेमुळे होणारा रंगांचा फैलाव उलटवणाऱ्या प्रिझमच्या जोडीने) ती जाते, आणि नुसते रंग जुळवून ती पूर्ण जात नाही, कारण फैलाव प्रत्येक रंगाच्या आतही असतो.

ऑटोस्टॅकर्टमध्ये गुरूसाठी अलाइनमेंट पॉइंट (फ्रेम जुळवण्याचे चौकोन) ४८ ते ६४ पिक्सेलचे ठेवावेत. छोटे ठेवले तर ते नॉइजलाच तपशील समजतात आणि पट्ट्यांवर जाळी उमटते. रेजिस्टॅक्स या प्रोग्रामच्या वेव्हलेटमध्ये (धार वाढवण्याच्या सोयीत) पहिली सरकपट्टी जपून ओढावी. मंगळाच्या उजळ कडेच्या आत दुसरी बारीक कड दिसू लागली की ती धार वाढवण्यातून आलेली असते, मंगळावर तसं काही नसतं. तिथून मागे यावं, किंवा कमी धारेची दुसरी प्रत करून कडेचा तेवढा भाग तिच्यातून घ्यावा.